घाडीबाई ‘का’ विचारत नाहीत

माहितीच्या अधिकाराखाली मी आजवर चारशे बारा अर्ज केले आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, तारीख, विषय आणि निकाल एका जाड वहीत लिहिलेला आहे, निकालाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या शाईत. घाडीबाईंनी किती अर्ज केले ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, “लागले तेवढे केले.” हे उत्तर मला पहिल्या दिवसापासून खुपत आलं आहे.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात माझ्याच वहीपासून झाली, हे माझ्या लक्षात आलंय. राहू दे तसंच. घाडीबाईंचा मला हेवा वाटायचा. हेवा हा फारच सभ्य शब्द झाला. मी जळायचो त्यांच्यावर. माझ्या बायकोला, वसुधाला, हे माझ्या आधी कळलं होतं. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन मी चपला जरा जोरात काढल्या, की ती स्वयंपाकघरातून विचारायची, “आज बाईंनी काय केलं?”

मी मुलुंड पूर्वेला राहतो. विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या पाचसहा जणांना घेऊन नागरिकांचा एक गट काढला. तसाच एक गट बोरिवलीला होता. अंधेरीला मृणाल नावाच्या प्राध्यापिकेनं कॉलेजातल्या मुलांना घेऊन काम चालवलं होतं, आणि घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत बायकांचं एक मंडळ होतं. सगळे आपापल्या कोपऱ्यात अर्ज करायचे आणि आपापल्या कोपऱ्यात थकायचे. एकच थाप चार ठिकाणी मारली जातेय हे चौघांपैकी कुणालाच कळायचं नाही. तेव्हा एकत्र यावं, आलेली उत्तरं एकमेकांना दाखवावीत, आणि सर्वसामान्य माणसाला अर्ज लिहून द्यायला दर शनिवारी कुठेतरी टेबल मांडावं, अशी कल्पना निघाली. कल्पना माझी होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेही त्याची नोंद नाही.

पहिली बैठक मुलुंडच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. मी नमुना अर्ज तयार करून नेला होता. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. तो मी बसवला होता, आणि सोबत सात पानांचं परिशिष्ट जोडलं होतं. कलमं, उपकलमं, परिपत्रकांचे संदर्भ. वाचायला वीस मिनिटं लागली. वाचून झाल्यावर मी चष्मा काढला आणि लोक काही म्हणतील म्हणून थांबलो.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साठीच्या जवळपासच्या. चष्मा जाड पांढऱ्या दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझे कागद हातात घेतले, पुढून मागून पाहिले आणि अगदी मनापासून विचारलं, “साहेब, ह्येच्यात प्रश्न खंय आसा?”

हॉल हसला. मृणाल तर तोंडावर ओढणी धरून हसली. मीही हसलो, कारण तेव्हा न हसणं बरं दिसलं नसतं. पण त्या सात पानांत प्रश्न खरोखरच शोधावा लागत होता, आणि मला तो त्यांच्यासमोर उभं राहून शोधावा लागला. सापडला तो पाचव्या पानावर.

चंद्रकला घाडी. सगळे घाडीबाई म्हणायचे. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कुटुंब डोंगरावर आलं, आणि आठवीतली चंद्रकला भांडुपच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागली. लग्न झालं, मुलं झाली, तरी कारखाना सुटला नाही. वह्या, रजिस्टरं, खातेवह्या शिवण्यात तीसहून जास्त वर्षं गेली. उजव्या हाताची तर्जनी सुईनं इतकी टणक झाली होती, की त्या बोटानं टेबलावर टकटक केलं तर पेन आपटल्यासारखा आवाज यायचा. बोलायच्या मुंबईचंच मराठी, कुणाच्याही मराठीसारखं. मालवणी बाहेर पडायची ती दोनच वेळा, खूप राग आला तर किंवा मनातलं अगदी आतलं काही बोलायचं असलं तर. माझ्या परिशिष्टाच्या वेळी त्यातलं कोणतं कारण होतं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

त्यांचा एकच नियम होता. अर्जात ‘का’ विचारायचं नाही. कायद्याचंही तसंच म्हणणं आहे, कागदावर असेल ती माहिती, साहेबाच्या मनातली कारणं म्हणजे माहिती नव्हे. हे मी लोकांना कलम वाचून समजावायचो आणि लोक जांभया द्यायचे. घाडीबाई सांगायच्या, “का विचारलंत की तो तुम्हाला गोष्ट सांगणार. गोष्ट ऐकायला आपण काय कीर्तनाला आलोय? कधी ते विचारा. कुणी ते विचारा. तारीख सांगताना माणसाची खरी वाट लागते.” मग लोक खिशातून पेन काढून हे लिहून घ्यायचे.

शनिवारचं टेबल फिरतं होतं. एकदा मुलुंड, एकदा अंधेरी, एकदा बोरिवली, पण घाटकोपरला जास्त, कारण तिथे मंडळाच्या बायकांनी समाजमंदिराचा ओटा मिळवला होता. ओट्यावर दोन टेबलं असायची, एक माझं आणि एक बाईंचं. माझ्या टेबलावर कायद्याचं पुस्तक, परिपत्रकांची फाइल आणि पेपरवेट. त्यांच्या टेबलावर कोरे कागद आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. रांग कुठे लागायची हे सांगायला नको. माझ्यासमोर कुणी येऊन उभं राहिलं की मी सरसावून बसायचो, आणि तो माणूस विचारायचा, “घाडीबाई कुठे बसतात?”

एक गुजराती काका मात्र थेट माझ्याकडे आले. त्यांच्या सोसायटीसमोरचा रस्ता वर्षात तिसऱ्यांदा खणला होता. पाऊण तास मी त्यांचं ऐकून घेतलं आणि सुरेख अर्ज लिहून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, “सरजी, एकदम बढिया. जरा बेनला पण दाखवून घेतो हां.” मी आपल्या जागेवरून पाहत होतो. बेननी अर्ज वाचला, दोन ओळींखाली रेघ मारली, त्या कोऱ्या कागदावर उतरवल्या आणि बाकी कागद काकांना परत दिला. खणण्याची परवानगी किती तारखेला दिली आणि ती किती तारखेला संपते, बस. महिन्याच्या आत रस्ता बुजला. काका पेढे घेऊन आले तेव्हा मलाही एक पेढा मिळाला. तो मी घरी नेऊन वसुधाला दिला.

आणखी एक सवय. आलेलं प्रत्येक उत्तर त्या उभ्या उभ्या वाचायच्या आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायच्या, ‘मिळाली, पूर्ण’ किंवा ‘मिळाली, अपूर्ण’. खाली सही आणि तारीख. कारखान्यात छापून आलेले गठ्ठे मोजून घेताना असं लिहायची पद्धत होती म्हणे. अपूर्ण असेल तर पुढचं अपील, पूर्ण असेल तर विषय संपला. उत्तर आपल्या विरुद्ध असलं तरी पूर्ण म्हणजे पूर्ण. त्यावर पुन्हा त्या कधी बोलायच्या नाहीत.

आता फाइलीची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. बोरिवलीच्या गटाला एका मैदानाची फाइल बघायची होती. मैदान मुलांचं, आणि खेळ सोडून तिथे सगळं चालायचं. अर्ज करून फाइल समोर बसून बघता येते, हे फार लोकांना माहीत नसतं. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. सोमवारी दुपारी मी, बोरिवलीचे दोघे आणि घाडीबाई असे गेलो. मी भिंग नेलं होतं. अडीचशे पानांची फाइल मी दोन तास वाचली, टिपणं काढली आणि जाहीर केलं, “कागदोपत्री सगळं व्यवस्थित आहे.”

बाई तोवर खिडकीशी बसून रेकॉर्डच्या कारकुनाशी बोलत होत्या. तो कणकवलीकडचा निघाला होता. मग त्यांनी फाइल मांडीवर घेतली. वाचली नाहीच. नाडी सैल केली, पानं पत्त्यांसारखी कडेनं सोडत गेल्या, मध्येच एके ठिकाणी बोट घातलं आणि मला म्हणाल्या, “ह्या चार पानांची भोकं बघा.”

मी भिंगातून बघितली. काही कळलं नाही.

“बाकीच्या पानांची भोकं नाडीनं ओढून ओढून लांबट झालीत. फाइल कितीदा बांधली, कितीदा सोडली. ह्या चारांची अजून गोल आहेत. ही पानं काल-परवा आत आलीत, साहेब. आणि तारीख टाकलीय चार वर्षांपूर्वीची.” मग कारकुनाकडे वळून, अगदी मायेनं, “काय रे बाबा, आवक-वही दाखवतोस ना जरा? ह्या पत्रांची नोंद कधीची आहे ती बघू.”

नोंद नव्हती. मैदान दुसऱ्याला देण्याचा सगळा व्यवहार त्या चार पानांवरच उभा होता, आणि तो आडवा झाला. मैदान मुलांना परत मिळालं. निघताना कारकुनानं बाईंसाठी चहा मागवला. त्या कार्यालयात मी अकरा वर्षं जातोय, मला कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही. आमच्या चारही गटांना पाठवायचा अहवाल मी लिहिला. त्यात ‘सदर बाब आमच्या निदर्शनास आली’ असं वाक्य आहे. हे ‘आमच्या’ लिहिताना पेन थोडं अडखळलं होतं, पण मी ते पुढे रेटलं.

मग माझ्याकडे होतं काय? पत्ता होता. डोंगरावर टपाल धड जात नाही. पोस्टमन गठ्ठा खालच्या किराणा दुकानात टाकतो आणि तिथून तो मिळेल तेव्हा मिळतो. कॉलेजला सुट्या असतात. म्हणून चारही गटांच्या अर्जांवर पत्रव्यवहाराचा पत्ता माझा घालायचा असं ठरलं. मुलुंड पूर्व, दुसरा मजला, दामले. आलेलं पत्र मी त्याच दिवशी ज्याचं त्याला फोन करून कळवायचो. शिवाय मी सगळ्यांना एक शिस्त लावली होती, पाकीट कधीही फेकायचं नाही. पाकिटावरचा शिक्का हा पुरावा असतो, तेव्हा पाकीट पत्रामागे टाचायचं. घाडीबाईंनी माझ्याकडून घेतलेली ही एकच गोष्ट, आणि ती त्या सगळ्यांना माझं नाव घेऊन सांगायच्या. “दामलेसाहेबांचा नियम आहे हां, पाकीट जपायचं.”

बाईंच्या वस्तीत एक छोटा दवाखाना होता. एक खोली, एक नर्स, आठवड्यातून तीनदा डॉक्टर. तो ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावून कुलूपबंद झाला आणि तसाच राहिला. खालच्या दवाखान्यात जायचं तर दीडशेवर पायऱ्या. बाईंच्या सासूबाईंना मधुमेह होता, पायाला जखम, दिवसाआड पट्टी बदलावी लागायची. एकदा मी वर गेलो असताना म्हातारीला खाली नेताना पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेलं, दोघा शेजाऱ्यांनी खुर्ची उचललेली आणि घाडीबाई पुढे, उलट्या उतरत, सासूचा पाय दोन्ही हातांत धरून. म्हातारी शेजाऱ्यांना शिव्या घालत होती आणि मधूनच हसत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचं वाचताना ते लक्षात असावं.

बाईंनी अर्ज केला, दुरुस्तीचा आदेश कोणत्या तारखेचा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा. उत्तर आलं, ‘फाइल आढळून येत नाही.’ कोपऱ्यात ‘अपूर्ण’ पडलं आणि त्यांनी वरच्या अधिकाऱ्याकडे अपील केलं. अपिलाची सुनावणी लागली की अधिकाऱ्यासमोर फाइल आणावीच लागते, आणि एकदा फाइल समोर आली की बाईंना वाचायचीही गरज नव्हती.

त्याच सुमारास मृणालनं अंधेरीच्या कॉलेजात कार्यक्रम ठेवला. विषय होता माहितीचा अधिकार, आणि पाहुण्या होत्या घाडीबाई. मला ‘परिचय करून देण्यासाठी’ बोलावलं होतं. मी पंचवीस मिनिटं परिचय करून दिला, त्यातली वीस कायद्याच्या इतिहासाची होती. बाई उठल्या, पाचच मिनिटं बोलल्या, भोकांची गोष्ट सांगितली, आणि मुलं बाकांवर हात आपटायला लागली. नंतर पोरापोरींचा घोळका त्यांच्याभोवती. एका मुलीनं फोन माझ्या हातात दिला. “अंकल, प्लीज एक फोटो काढता ना? सगळे यायला हवेत हां.” मी मागे सरकत सरकत सगळ्यांना बसवलं आणि फोटो काढला. चांगला आला. अजून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच फोटो लावलेला आहे.

दोन दिवसांनी सकाळी मृणालचा फोन आला. चारही गटांचं मिळून आता एक निमंत्रक असावं, असं सगळ्यांना वाटतंय म्हणाली. मी मनातल्या मनात ‘नको, नको, दुसऱ्या कुणाला तरी’ असं म्हणायची तयारी केली. ती म्हणाली, “घाडीबाईंचं नाव पक्कं करतोय. सर, तुम्हाला चालेल ना?”

“वा, उत्तम,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि बेल वाजली. स्पीड पोस्ट. मी सही करून पाकीट घेतलं. दवाखान्याच्या अपिलाची सुनावणी, नऊ दिवसांनी, सकाळी अकराला, अपीलकर्त्या श्रीमती चंद्रकला घाडी यांनी उपस्थित राहावे.

फोन अजून हातात गरम होता. नंबर लावायला चार सेकंद लागले असते. मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. शनिवारी भेटणारच आहोत, तेव्हा हातात देऊ, असं स्वतःला सांगितलं. शनिवारी ओट्यावर सगळे त्यांचं अभिनंदन करत होते, कुणीतरी हार आणला होता. पत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. गर्दीत कशाला, उद्या फोन करू म्हटलं. रविवारी केला नाही. सोमवारी वसुधानं विचारलं, “बरं नाहीये का?” मी म्हणालो, “ऊन लागलं बहुतेक.” विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी त्या आठवड्यात एक क्षणही विसरलो नाही.

सुनावणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाटकोपरला जाऊन पत्र त्यांच्या हातात ठेवलं. “अहो बाई, टपालाचा काय हा गोंधळ! हे बघा, आज आलं.”

त्यांनी पत्र वाचलं. तारीख वाचली. मग कागद उलटा केला, पाठीमागे काही टाचलेलं आहे का ते पाहायला.

“पाकीट?”

“पाकीट... टाकलं वाटतं गडबडीत.”

त्यांनी चष्मा खाली सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. “बरं,” म्हणाल्या, आणि आत जाऊन सासूबाईंच्या पायाची पट्टी सोडायला बसल्या.

अपील ‘अपीलकर्ता गैरहजर’ म्हणून निकाली निघालं. आता पुढच्या पायरीवर, माहिती आयोगाकडे जायचं, आणि तिथली रांग किती लांब आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी ओट्यावर नेहमीसारखी त्यांची रांग होती. त्या आपल्या टेबलावरून उठल्या, आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात कागद. मला वाटलं काही विचारायचंय. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. नमुन्यातला अर्ज होता, कोर्ट फी स्टँप लावलेला.

‘प्रति, श्री. दामले, मुलुंड पूर्व. अर्जदार, चंद्रकला घाडी. हवी असलेली माहिती: एक, दवाखान्याच्या सुनावणीचे पत्र आपणांस कोणत्या तारखेस मिळाले. दोन, ते अर्जदारास कोणत्या तारखेस दिले.’

बाकी काही नाही. कायद्यानं असा अर्ज माझ्यासारख्या खाजगी माणसाला करता येत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. माझ्या जिभेवर ते कलम येऊनही गेलं.

“पोच द्या, साहेब,” त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या प्रतीवर सही केली, तारीख घातली. त्यांनी ती घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली आणि परत जाऊन रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, “हां, बोल रे, काय झालं?”

तीस दिवसांची मुदत असते. मी एकोणतीस घेतले. या काळात मी पाच पानं लिहिली आणि फाडली. त्यांत मृणालचा फोन होता, फोटो होता, रांग होती, पेढा होता, अगदी सात पानांचं परिशिष्टही होतं. मग लक्षात आलं की हे कुणी विचारलेलंच नाही. शेवटी दोन ओळी लिहिल्या. एक, अमुक तारीख. दोन, तमुक तारीख. दोन्ही खऱ्या. आणि खणाच्या तळाशी ठेवलेलं पाकीट पाठीमागे टाचलं. टाकलेलं नव्हतंच ते.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. पाकिटावरचा शिक्का अंगठ्यानं जरा पुसून पाहिला. मग पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘मिळाली, पूर्ण.’ सही, तारीख. मी तिथेच उभा होतो, काहीतरी पुढे येईल म्हणून.

“लाडू घ्या,” त्या म्हणाल्या, आणि डबा पुढे केला.

कुणाला त्या कधी बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत मृणालनं सुचवलं, टपालाचा असा घोळ होत असेल तर पत्ता कॉलेजचा घालूया. निमंत्रक म्हणून घाडीबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पत्ता दामलेसाहेबांचाच राहू दे.” मृणालनं माझ्याकडे पाहिलं, मी समोरच्या पंख्याकडे पाहिलं. त्या रात्री जेवताना वसुधाला सगळं सांगितलं. तिनं वाढायचं थांबवलं नाही. फक्त म्हणाली, “आणि त्यांनी पत्ता तुझाच ठेवला?” मग मला एक वेगळाच मत्सर वाटायला लागला. माझ्याशी कुणी असं वागलं असतं, तर मला हे जमलं असतं का?

पुढच्या पायरीवर नंबर लागायला दीड वर्ष गेलं. त्याची तारीख आली, ती मी पाकीट फोडता फोडता फोनवर कळवली. हे दीड वर्ष म्हातारीची खुर्ची पायऱ्यांवरून खाली-वर होत राहिली. मग ती खाली यायलाच नको म्हणायला लागली, आणि नंबर लागायच्या दोन महिने आधी गेली. मी भेटायला गेलो. वय झालं होतं, असं सगळे म्हणत होते. मीही तेच म्हणालो. खुर्ची दाराबाहेर उलटी करून ठेवली होती.

आदेश झाला, फाइल सापडली. बाईंनी ती मांडीवर घेतली आणि दोन मिनिटांत पान काढून दिलं. दुरुस्ती केव्हाच पूर्ण झाली होती. किल्ली ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही करायची एवढंच राहून गेलं होतं. तीन आठवड्यांत दवाखाना उघडला.

त्या दिवशी मी वर गेलो. दारावर झेंडूचं तोरण होतं, आणि व्हरांड्यात पन्नासेक माणसं केसपेपर घेऊन उभी होती. घाडीबाई रांगेत शेवटून तिसऱ्या. निमंत्रक म्हणून कुणी त्यांना पुढे बोलावत होतं, त्या जात नव्हत्या. गुडघे दाखवायचे होते. पुढच्या आठवड्यात देवगडकडे गावी जाऊन राहणार होत्या, कायमच्याच. पिशवीतून त्यांनी चार गटांची फाइल काढली, नीट नव्यानं शिवलेली, आणि माझ्याकडे दिली.

“हे आता तुम्ही बघा.”

मी फाइल घेतली. मला हवं ते सगळं हातात आलं होतं आणि ते धरवत नव्हतं. रांग सरकत सरकत दाराशी आली, बाईंच्या पुढे एकच बाई उरली. मी त्यांच्याबरोबर सरकलो आणि बोललो, “बाई, त्या पत्राचं... तुम्ही कारण कधी विचारलं नाहीत.”

त्यांनी केसपेपरवरची तारीख वाचली, बरोबर आहे ना ते पाहिलं, आणि चष्मा खाली सोडला.

“कारण माका तेव्हाच म्हायत होता, साहेब,” त्या म्हणाल्या. “तारीख तेवढी म्हायत नव्हती.”

आतून नर्सनं नंबर पुकारला. पुढच्या बाईला गुडघ्यांमुळे उंबरा चढवेना, तर घाडीबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.